पहिला आणि शेवटचा नग

सायकल मुळात कामाची नव्हती. चालायची, पण चालणं वेगळं आणि कामाची असणं वेगळं, हे स्टोअरसाहेबांइतकं कोणाला कळणार? त्यांची उभी हयात एका सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये गेली होती. बेअरिंग, पट्टे, नटबोल्ट, ग्रीसचे डबे यांच्या मांडण्यांमधल्या बोळात ते काळ्या केसांनी शिरले आणि पांढऱ्या केसांनी बाहेर पडले. तेही स्वतःहून नाही, गिरणीला कुलूप लागलं तेव्हा. 'साहेब' ही पदवी गिरणीने दिलेली नव्हती. ती फिटर मंडळींनी दिली होती आणि तिच्यात निम्मी चेष्टा होती. एखाद्या फिटरचं मशीन बंद पडलेलं असायचं, मागून मुकादम ओरडत असायचा, तो बिचारा धापा टाकत खिडकीशी यायचा आणि हे चष्मा पुसत विचारायचे, "जुना नग आणलास का?" जुना दिल्याशिवाय नवा मिळायचा नाही. तिथला कायदाच तसा होता, आणि कायदा पाळण्यात स्टोअरसाहेबांना जेवणापेक्षा जास्त गोडी.

माल आला की तपासायचीही त्यांची एक पद्धत होती. खोकं उघडायचं, पहिला नग काढायचा, उजेडाकडे धरून फिरवायचा. मग तळाशी हात घालून शेवटचा नग काढायचा, तोही फिरवायचा. दोन्ही ठीक असले की खोकं पास. मधले नग कोणी बघत बसत नसे. खोक्यात सगळे नग एकाच साच्यातून निघालेले, तेव्हा त्या पद्धतीने कधी घोटाळा झाला नाही, हेही खरं आहे. पुढे जे झालं त्याला ती पद्धत कारणीभूत झाली म्हणून ती सांगून ठेवली.

गिरणी बंद झाली आणि साहेबांनी हातपाय गाळले. सुरुवातीला रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचे, जणू आत्ता कोणी बोलवायला येईल. मग दाढी राहून जायला लागली. मग इस्त्री सुटली. शेवटी खुर्चीही सुटली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहणं सुरू झालं. पूर्वी घरात वावरताना ते शीळ घालायचे. कुठलं गाणं असायचं ते त्यांनाच ठाऊक, सूर तर जन्मात धड लागला नव्हता. बायको म्हणायची, "अहो, पुरे करा, शेजारी घर सोडून जातील." ती शीळ कधी थांबली हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. बायकोच्या आलं होतं, पण ती काही बोलली नाही.

आता घर तिच्यावर चालत होतं. ती चिनी मातीच्या कपबशा बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती आणि तिचं काम ऐकायला अगदीच किरकोळ वाटायचं. कपाच्या काठाखाली निळी रेघ मारणं. बस, एवढंच. पण ते एवढंच करून बघावं एखाद्याने! समोर एक फिरती चकती, तिच्यावर कप नेमका मधोमध बसवायचा, डाव्या हाताने चकतीला गती द्यायची आणि उजव्या हातातला कुंचला काठाजवळ नेऊन नुसता टेकवायचा. कप आपला आपण फिरतो. हाताने काही करायचं नाही, हलायचंसुद्धा नाही. रेघ फिरून जिथून निघाली तिथे येऊन मिळते आणि कुंचला उचलायचा. जिथे मिळाली ती जागा दिसता कामा नये. बाकीच्या बायकांच्या कपांवर बारीक नजरेला सांधा दिसायचा. हिच्या कपांवर कारखान्याच्या मालकालाही तो सापडला नव्हता. नव्या मुली तिला 'रेघमावशी' म्हणायच्या. घरी मात्र तिचं कौतुक करायची कोणाला सवय नव्हती. साहेब एकदाच म्हणाले होते, "तुझा हात म्हणजे प्रिसिजन आहे." ते वाक्य तिने जपून ठेवलं होतं.

कारखाना रेल्वे रुळांच्या पलीकडे होता आणि मध्ये एक उंच पूल. बस सकाळी वेळेवर यायची नाही म्हणून तिने एका गाणं शिकवणाऱ्या बाईंकडून ती जुनी सायकल घेतली. बाईंनी ती आणखी कोणाकडून घेतलेली. सांगाडा दणकट होता, पण बाकी सगळं हलक्या प्रतीचं. पायडल प्लास्टिकची, त्यातलं एक चिरलेलं. ब्रेकचे दांडे पत्र्याचे, दाबले की वाकायचे. सीटमधून स्पंज डोकावत होता. मागच्या चाकाला पाच दातेरी चाकांचं फ्रीव्हील होतं, म्हणजे पाच गिअर, पण गिअर बदलायचा दांडा पार गंजून अडकलेला. चेन मधल्या दातेरी चाकावर जी बसली होती ती तिथेच. तिला त्याचं काही वाटायचं नाही. "मला कुठे शर्यत लावायचीय?" असं म्हणून ती त्या एकाच गिअरवर पूल चढायची, उतरायची, आणि संध्याकाळी परत तेच.

एका सुट्टीच्या दिवशी सायकल अंगणात उभी होती आणि बायको ब्रेकशी झटापट करत होती. ब्रेक मांजराची शेपटी पायाखाली आल्यासारखा ओरडत होता. आत साहेब भिंतीकडे तोंड करून पडले होते. तो आवाज त्यांना सोसवेना. बऱ्याच वेळाने ते उठून दारात आले, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं चुकलेली.

"रबर बघ आधी," ते म्हणाले. "रबर झिजून पत्रा लागलाय रिमला."

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. हे साफ खोटं होतं. रबर कसं बदलायचं ते तिला गाणंवाल्या बाईंनीच दाखवलं होतं, नवीन रबरं पिशवीत आणलेलीही होती. पण तिने पिशवी पायाने हळूच मागे सारली.

साहेब खाली बसले. त्यांनी ब्रेकचा दांडा दाबून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "हा काय माल आहे? आमच्या स्टोअरमध्ये असा नग खिडकीतून आत आला नसता." अंथरूण धरल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा ते जेवायला स्वतः उठून आले.

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. आधी ब्रेक बदलले, ॲल्युमिनियमचे मजबूत दांडे आले, नव्या तारा आल्या. मग प्लास्टिकची पायडल जाऊन लोखंडी आली. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे साहेबांना माहीत होतं आणि ते त्यांनी बायकोला, शेजाऱ्याला आणि दूध घालायला आलेल्या माणसालाही ऐकवलं. सीट आली. पायडल जिच्यावर फिरतात त्या क्रँकचे छर्रे धुऊन, नवं ग्रीस भरून बसले. गंजलेला गिअरचा दांडा जाऊन नवा आला, टक् टक् आवाज करणारा. बाजारातल्या सायकलवाल्याकडे ते जुना नग कागदात गुंडाळून घेऊन जायचे आणि गल्ल्यावर ठेवून म्हणायचे, "हा जमा करून घ्या." सायकलवाल्याला आधी कळेना, जुन्या कचऱ्याचं करायचं काय. मग तो निमूटपणे भंगाराच्या पिंपात टाकायला शिकला. एकदा म्हणाला, "साहेब, आता फक्त सायकल बदलायची राहिलीय." साहेब हसले. हसले, हे महत्त्वाचं.

बायकोची मोठी बहीण, घरातली ताई, आली तेव्हा सायकल उलटी करून मांडलेली आणि मेहुणे बोटाएवढ्या ब्रशने चाकाचे आरे पुसत होते. "बाई गं," ताई म्हणाली, "बायकोला कधी इतकं नटवलं नाही हो तुम्ही!"

"बायकोला गंज चढत नाही," साहेब म्हणाले. ताई खो खो हसली. बायको आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. साहेब शीळ घालत होते. तीच ती बेसूर. ती तशीच कप हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिली आणि मग बाहेर आली.

शेवटी चेनचा नंबर लागला. साहेबांनी ती काढली, घासलेटात धुतली, स्टीलच्या पट्टीवर ताणून धरली. चेन वापरून वापरून लांबते, कडी कडी झिजते आणि प्रत्येक कडीत केसभर वाढ होते. ही चांगलीच वाढली होती. बाद. मग त्यांनी फ्रीव्हील पुसून उजेडाकडे धरलं. सगळ्यांत मोठं दातेरी चाक बघितलं. दाते कोरे करकरीत. सगळ्यांत लहान बघितलं. तेही तसंच, कारण वर्षानुवर्षं त्यावर चेन चढलीच नव्हती. मधल्यांवर अजून काळं ग्रीस होतं, ते त्यांनी वरवर पुसून घेतलं. पहिला नग ठीक, शेवटचा नग ठीक. फ्रीव्हील पास.

नवी चेन चढवून त्यांनी गल्लीतल्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारली. गिअर टक् टक् करत पाचही बदलून बघितले. लोण्यासारखी चालली. परत येऊन त्यांनी सायकल बायकोच्या हातात दिली ती अशी, की जणू कारखाना तिच्या नावावर करून देत आहेत. "आता सगळे गिअर चालतील," ते म्हणाले.

"मला एकच पुरतो," ती म्हणाली. कोणता, हे त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, सायकल भिंतीला लावली आणि पदराने घाम टिपत म्हणाली, "अहो, पुलावर जोर दिला की चेन कटकट करते. घसरल्यासारखी वाटते."

साहेब तेव्हा पान्हे पुसून डब्यात लावत होते. त्यांचा हात थांबला. क्षणभर चेहरा असा पडला, जसा गिरणीच्या दारावर कुलूप बघितलं त्या दिवशी पडला होता. मग ते म्हणाले, "नवी आहे ना. बसायला वेळ लागतो. बसेल."

"हो, बसेल," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. सकाळी मात्र ती थोडी लवकर निघायला लागली. साहेबांनी विचारलं तर म्हणाली, "सकाळी गार असतं, बरं वाटतं."

ज्या दिवशी व्हायचं ते झालं, त्या दिवशी ती लवकर निघू शकली नाही. साहेबांनी आदल्या दिवशी पितळी घंटी आणून ठेवली होती. ती बसवायचा त्यांचा सकाळीच हट्ट. "एक मिनिट थांब गं, पळून चाललीय का कारखाना तुझा?" घंटीचा नट हातातून पडला, तो कुंडीमागे गेला, तो शोधला, बसवला, मग हँडलवर घंटी तिरकी वाटली म्हणून पुन्हा सैल केली. ती पिशवी खांद्याला लावून उभी. शेवटी घंटी बसली. "वाजव," ते म्हणाले. तिने वाजवली. "अजून एकदा." तिने अजून एकदा वाजवली, हसली आणि निघाली.

पुलाच्या चढावर ती पायडलवर उभी राहिली. चेन दात्यांवरून सटकली, पाय मोकळा खाली गेला, हँडल वळलं आणि ती उजव्या हातावर पडली.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी घातली, वरून प्लास्टर केलं आणि म्हणाले, हाड जुळेल. साहेब दवाखान्याच्या बाकावर डोकं धरून बसले होते, त्यांचा जीव भांड्यात पडला. हाड जुळेल म्हणजे हात पहिल्यासारखा होईल, असा त्यांनी अर्थ लावला. ताईने विचारलं, "पडलीस कशी गं?" तर बायको म्हणाली, "वाळू होती रस्त्यावर." साहेबांनीही ज्याला त्याला तेच सांगितलं. पुलावर वाळू असते. नगरपालिकेच्या नावाने चार शिव्याही हासडल्या त्यांनी.

कारखान्याच्या ड्रायव्हरने सायकल टेम्पोतून आणून टाकली होती. ती कितीतरी दिवस बोळात पडून होती. नवं हँडल वाकलेलं, नवं पायडल घासलेलं, घंटी मात्र जागच्या जागी. साहेबांना तिच्याकडे बघवत नव्हतं. पण पुढे एका दुपारी बायको झोपलेली असताना त्यांना वाटलं, निदान हँडल तरी सरळ करून ठेवू. त्यांनी सायकल उलटी केली. मागचं चाक हाताने धरून ठेवलं आणि सहज पायडलला जोर दिला. कट्. चेन वर चढली आणि एक दाता ओलांडून खाली बसली. पुन्हा जोर दिला. पुन्हा कट्.

चेन मधल्या दातेरी चाकावर होती. साहेबांनी ती खाली उतरवली, फडकं घासलेटात बुडवलं आणि ते चाक, फक्त तेच, घासून स्वच्छ केलं. उजेडाकडे धरायची गरजच नव्हती. दाते एका बाजूने पार खाऊन गेले होते, टोकदार होऊन पुढे वाकले होते. शेजारच्या चाकांचे दाते धडधाकट आणि मधले हे असे. ती रोज याच एका चाकावर पूल चढली होती. तिची लांबलेली जुनी चेन आणि हे झिजलेले दाते एकमेकांच्या मापाने झिजले होते, म्हणून कुरकुर न करता चालत होते. जुन्या चेनबरोबर ती पडली नसती. जुनं दोन्ही ठेवलं असतं तरी चाललं असतं, नवं दोन्ही घातलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी एक ठेवून एक बदललं होतं.

पहिला नग बघितला, शेवटचा बघितला. मधला बघितला नाही. आणि तिने सांगितलं होतं. कटकट करते, म्हणाली होती. बसेल, असं आपण म्हणालो. ते फडकं हातात घेऊन बोळातच बसून राहिले. आत बायको कूस बदलताना कण्हली तेव्हा ते दचकले, सायकल सरळ केली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली.

सांगायचं तर होतंच. पण प्लास्टर निघू दे, हात चालू दे, मग सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. हात बरा झाल्यावर सांगितलं तर ते हसण्यावारी जाईल. "काय हो तुमचं स्टोअर!" असं ती म्हणेल आणि विषय संपेल. माणूस अपराधाला अशा सोयीच्या तारखा देत राहतो. तोवर ते तिची वेणी घालायला शिकले, भांडी घासायला शिकले, तिला घास भरवायलाही शिकले. ती म्हणायची, "अहो, डावा हात आहे की मला." ते ऐकायचे नाहीत. शीळ मात्र ते घालत नव्हते. तिने दोनदा काहीतरी निमित्त काढून त्यांना हसवायचा प्रयत्न केला. ते हसले, पण नुसतं तोंडाने.

प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता आणि मनगट एका बाजूला किंचित झुकलं होतं. कप उचलता येत होता, बटण लावता येत होतं, चमचा धरता येत होता. सगळ्या लोकांना जेवढा हात लागतो तेवढा तो झाला होता. पण तिला त्याहून जास्त हात लागायचा. कुंचला धरला की टोक थरथरायचं, इतकं बारीक, की तिच्याशिवाय कोणाला दिसलं नसतं.

ती कामावर रुजू झाली त्या दिवशी साहेब तिला बसने सोडायला गेले आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिले. आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. मुलींनी तिची चकती पुसून ठेवली होती. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. तिने कप बसवला, गती दिली, कुंचला टेकवला. रेघ निघाली, फिरली, आणि जिथून निघाली होती त्याच्या जरा खाली येऊन पोचली. दोन टोकं समोरासमोर आली पण मिळाली नाहीत. दुसरा कप घेतला. तिसरा घेतला. मुली आपापल्या कामात मान घालून बसल्या. देखरेख करणारी बाई, हिनेच कधीकाळी जिला कुंचला धरायला शिकवलं होतं, ती मागे येऊन उभी राहिली. खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, बांधणीत बसता का थोडे दिवस?" बांधणीत म्हणजे तयार कप कागदात गुंडाळून खोक्यात भरायचे. थोडे दिवस म्हणजे किती, ते त्या बाईने सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही.

संध्याकाळी ती फाटकातून बाहेर आली. पिशवीत तिने त्या कपांपैकी एक आणला होता. घरी येऊन तो टेबलावर ठेवला आणि समोर बसली. साहेबांनी दिवा लावला. कपाच्या काठाखाली निळी रेघ होती, छान एकसारखी, एका जागी येऊन तुटलेली. एक टोक वर, एक खाली, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी जागा. नवख्या माणसाने तिकडे बघितलंही नसतं. पण साहेबांना त्या कपावर दुसरं काहीच दिसेना.

"मला तुला काही सांगायचंय," ते म्हणाले.

"सांगा."

"वाळू नव्हती पुलावर."

साहेबांनी सगळं सांगितलं. चेन, मधलं चाक, वाकलेले दाते, पहिला नग, शेवटचा नग. सांगताना ते स्टोअरमधल्यासारखं अगदी क्रमाने बोलत होते, कारण क्रम सोडला असता तर रडू फुटलं असतं. ते शेवटी फुटलंच. "तू मला सांगितलं होतंस. मी म्हटलं, बसेल. माझ्यामुळे झालं हे. तुझा हात मी मोडला."

तिने डाव्या हाताने उजवं मनगट चोळलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"चेन घसरते ते. पहिल्याच दिवशी कळलं. जोर दिला की घसरायची. म्हणून मी पुलाशी उतरून सायकल हातात धरून चालत चढायचे. लवकर निघायचे ते त्यासाठीच."

साहेबांनी विचारलं, "आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी उशीर झाला होता." घंटीचं नाव तिने काढलं नाही. काढायची गरजही नव्हती. नट कुंडीमागे गेला होता आणि त्यांनी तिला दोनदा घंटी वाजवायला लावली होती, हे त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. "म्हटलं, एक दिवस चढून बघू. कदाचित बसली असेल."

"अगं पण मला पुन्हा सांगायचंस ना! ओरडायचंस माझ्यावर! सायकलवाल्याकडे न्यायचीस परस्पर!"

"परस्पर नेली असती तर तुम्हाला कळलं असतं की तुमचं चुकलं." ती कपाकडे बघत बोलत होती. "एकदा सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा बघितला मी. परत तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपाल, असं वाटलं. कितीतरी दिवसांनी तुम्ही शीळ घालत होतात. सकाळी मी अंघोळीला जायचे तेव्हा बाहेर तुमची शीळ चालू असायची, तर मी पाणी बंद करून ऐकायचे. मला वाटलं, पूल काय, चालत चढता येतो."

इतका वेळ साहेबांना वाटत होतं की आपण तिचं नुकसान केलं, आणि ते सहन होत नव्हतं. आता त्याहून वाईट कळलं. तिने ते पत्करलं होतं. त्यांच्या बेसूर शिळेसाठी ती रोज तो पूल पायी चढली होती आणि एक दिवस तिचा हात, ज्याच्या रेघेचा सांधा कोणाला सापडत नव्हता तो हात, कायमचा गेला. हे त्यांनी कसं फेडायचं? जुना नग जमा करून नवा देणारी खिडकी कुठे असते?

"मी उद्या जातो," ते घाईघाईने म्हणाले. "जुनी चेन मिळते का बघतो सायकलवाल्याकडे. भंगारात असेल अजून. ती परत बसवतो, मग तू—"

"अहो," ती म्हणाली, "मी आता सायकल कुठे चालवतेय? ब्रेक दाबायला मनगट लागतं."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. बऱ्याच वेळाने ती सुरू झाली आणि आवाज लांब गेला. तिने डाव्या हाताने कप उचलला, दिव्याखाली फिरवला, तुटलेल्या जागेवर अंगठा ठेवला. अंगठ्याखाली ती झाकली गेली. मग तिने मान वर केली. डोळे भरलेले होते, पण आवाज अगदी साधा होता, भाजी काय करू विचारावी तसा.

"शीळ घाला ना जरा. किती दिवस ऐकली नाही."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. ती नुसती बघत राहिली. तेव्हा त्यांना कळलं की एवढी एकच गोष्ट तिने आजवर त्यांच्याकडे मागितली आहे, आणि तिची किंमत तिने आधीच भरून टाकली आहे. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली.

नुसती हवा आली. त्यांनी ओठ ओले करून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. ओठ थरथरत होते, ते एका जागी राहतच नव्हते. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, मग कितव्यांदा कोण जाणे, ते फुंकत राहिले. तुटक्या रेघेचा कप हातात धरून ती समोर बसली होती आणि वाट बघत होती.